बहिणीला विकलेला आठवडा

मी, रेमेदिओस बास्तिदास ओसुना, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी विक्रेती, आता काही नाही, राहणार मासात्लान, जुन्या बंदरामागची चढाची गल्ली, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोळे अधू झाले आहेत, स्मरण मात्र शाबूत आहे; ते थोडे कमी असते तर बरे झाले असते. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी घर चर्चला दिले होते. ते रद्द समजावे. ते पुण्यासाठी केले नव्हते. बहिणीला उद्देशून मला काही लिहावे लागू नये म्हणून केले होते.

कलम पहिले. माझे राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, परसातल्या लिंबाच्या झाडासह, माझी धाकटी बहीण इल्देलिसा, राहणार दुरांगो, हिला मिळावे. वरची खोली कशी बांधली गेली हे सांगितल्याशिवाय घर देणे मला खोटेपणाचे वाटते, म्हणून ते येथेच नोंदवते.

समुद्रावरच्या एका हॉटेलात मी सतरा वर्षे सुट्टीची सदस्यत्वे विकली. फुकट नाश्त्याला बोलावलेल्या जोडप्यांसमोर बसून मी सांगत असे की एकदा सदस्य व्हा, मग दरवर्षी एक आठवडा तुमचा. महिना तुम्ही ठरवा, खोली तुम्ही ठरवा, कंटाळा आला तर दुसऱ्या शहरातले हॉटेल घ्या. ‘नाही’ म्हणून उठणाऱ्यांना आम्ही समजावून, कॉफी मागवून पुन्हा बसवत असू. करारात मागच्या पानावर बारीक अक्षरांत ‘उपलब्धतेनुसार’ असा शब्द होता. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आणि नाताळ यांच्या खोल्या रोख देणाऱ्या पाहुण्यांसाठी आधीच बाजूला काढलेल्या असत. हे आम्हा विकणाऱ्यांना ठाऊक होते. विकत घेणाऱ्यांना ते दुसऱ्या वर्षी कळे.

इल्देलिसाचा नवरा फर्मिन दुरांगोला लाकडाच्या गिरणीत कामाला. गिरणी वर्षातून एकदाच, पवित्र आठवड्यात, बंद असे. तेव्हा ती सगळी डोंगरातल्या जुन्या रस्त्याने बसमधून उलट्या करत उतरत आणि माझ्याकडे जमिनीवर चटया टाकून झोपत. फर्मिन चीजचे अख्खे चाक खांद्यावर आणी. मी कोळंबी शिजवी, आणि सोलताना आम्ही दोघी बहिणी आईच्या नकला करून हसत असू.

दोन हजार आठ साली त्याच आठवड्यात मी त्यांनाही नाश्त्याला बोलावले. महिन्याची एक विक्री मला कमी पडत होती. फर्मिनने करार दोनदा वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, मला सुट्टी याच आठवड्यात मिळते, तुला माहीतच आहे. हा मिळेल ना?”

मी म्हणाले, “अरे, मी आत बसलेय ना? तू फक्त फोन कर.”

त्याने सही केली. त्या महिन्याच्या बक्षिसातून वरची खोली उभी राहिली.

पुढच्या वर्षी त्याला नोव्हेंबर देऊ केला. त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्ट, तोही मंगळवार ते शुक्रवार. मी त्याला सांगत राहिले की अजून लवकर फोन कर. त्याने वर्षभर आधी केला तेव्हा त्याला सांगितले गेले की यादी अजून उघडलेली नाही. हॉटेलाला पैसे भरलेत तर पुन्हा ताईकडे जमिनीवर कशाला, असे म्हणून ती सगळी माझ्या घरीही येईनाशी झाली. मी तरी कुठे बोलावले? समोर आली असती तर मला उत्तर द्यावे लागले असते. अशी अकरा वर्षे गेली. वरच्या खोलीत कोणी झोपले नाही.

कलम दुसरे. माझ्या स्वतःच्या नावावरही असे एक सदस्यत्व आहे. कामावरच्यांना ते घ्यावेच लागे. त्यावर मी एकही रात्र राहिलेले नाही. दरवर्षी भरायच्या देखभालीच्या हप्त्यासह ते माझ्यामागे वारसांच्या गळ्यात पडू शकते, असे नोटरी म्हणतात. म्हणून ते कोणीही स्वीकारू नये. हॉटेलातून गोड बोलणारी बाई फोन करील. ती मी शिकवलेलीच कोणीतरी असेल. फोन ठेवून द्यावा.

कलम तिसरे. सर्वोत्तम विक्रीची सोनेरी पिन डब्यात आहे, ती माझ्याबरोबर पुरू नये. आमचे व्यवस्थापक गांबोआ यांच्यावर मी बरीच वर्षे राग धरला, की त्यांनी मला हे करायला लावले. तो राग मी या पत्राने सोडते. त्यांनी मला बहिणीचे नाव कधी विचारले नव्हते. ते मीच सुचवले होते.

कलम चौथे. शिवणयंत्र धाकटी भाची ओदिलिया हिला द्यावे. त्या नाश्त्याच्या सकाळी ती तीन वर्षांची होती, आईच्या मांडीवर बसून पपई खात होती. तिने पुन्हा समुद्र पाहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि शाळेच्या सहलीबरोबर आली होती. गावात येऊन गेली, हे मला नंतर कळले.

आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. करारानंतर सहाव्या वर्षी गिरणीत फर्मिनची दोन बोटे गेली आणि तो चार महिने घरी बसला. तेव्हा त्याला कुठलाही आठवडा चालला असता. त्याने हॉटेलात फोन केला. देखभालीचा हप्ता थकल्यामुळे सदस्यत्व स्थगित आहे, असे त्याला सांगितले गेले. त्याने मला फोनवर बोलवा म्हटले. हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने फोन माझ्यापुढे धरला. मी मान हलवली आणि म्हणाले, “सांग, बाहेर गेलीय.”

गेल्या वर्षी, नोकरी सुटून बरीच वर्षे झाल्यावर, मी दुरांगोला गेले. हे सगळे सांगायचे ठरवूनच गेले होते. इल्देलिसाने मांसाचा रस्सा वाढला, तब्येत विचारली, लिंबाचे झाड विचारले. ती पोळ्या आणायला बाहेर गेली तेव्हा मी फर्मिनला फोनचे सांगायला लागले. त्याने मला पुरे करू दिले नाही.

“ताई, तुझा आवाज मी ओळखतो,” तो म्हणाला. “तेव्हाच ऐकला होता. लिसाला नाही सांगितलं. ती म्हणत होती, ताई खूप खटपट करत असेल आपल्यासाठी.”

मी रस्सा संपवला आणि संध्याकाळच्या बसने परत आले. बहिणीला काहीच सांगितले नाही. म्हणून हे पत्र नोटरींनी तिच्यासमोर मोठ्याने, काही न गाळता वाचावे. फर्मिनने तिला बाहेर पाठवू नये.

कलम पाचवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी आबुंदिओ लिसारागा, जाळी विणणारे, यांनी करावी. ऐकून झाल्यावर इल्देलिसा घर नको म्हणू शकेल. तसे झाल्यास कोणीही तिला समजावू नये, थोडा विचार कर म्हणू नये, कॉफी मागवून तिला बसवून ठेवू नये. तिचे ‘नाही’ एकदाच ऐकावे आणि दार उघडे धरावे.

वरील मजकूर मी वाचून घेतला, तो माझाच आहे.

साक्षीदार: आबुंदिओ लिसारागा, एउलोखिया तिरादो, परिचारिका.
सही: रेमेदिओस बास्तिदास ओसुना
मासात्लान, सिनालोआ, १९ सप्टेंबर २०२३