नवसाचे गप्पी

३ सप्टें.
चौकातल्या गुरांच्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. आरोग्य केंद्राच्या टाकीतून बादलीने आणले, एकही मेला नाही. सरपंच विचारतात, "ताई, इतला इतला मासा काय करतीन?" म्हटलं, पंधरा दिवसांनी यात एक अळी दाखवा, नोकरी सोडते. जरा जास्तच बोलले. पण खोटं नाही.
रूपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा लागला. हौद आमच्या ओट्यापासून वीस पावलांवर. पोटुशीला मलेरिया म्हणजे दोन जिवांना घोर. माझ्या लेकीला डास चावणार नाही म्हणजे नाही.

१० सप्टें.
मासे झकास. गोल झालेत. मागच्या गल्लीत मात्र दोघांना थंडीताप, एकाचा रक्तनमुना मलेरियाचा निघाला. दिवसभर पिंपं उपडी केली. शिव्या खाल्ल्या. चालायचंच.

१७ सप्टें.
पांढऱ्या मगात हौदाचं पाणी घेतलं. अळ्या! पाण्यावर आडव्या पडलेल्या, म्हणजे मलेरियाच्याच डासाच्या. आणि मासे? पोटं टम्म. अळी नाकासमोरून गेली तरी ढुंकून बघत नाहीत. केंद्राच्या डॉ.ना फोन करून सुनावलं, कसले आळशी मासे दिलेत!

१८ सप्टें.
सकाळी सातलाच उलगडा झाला. हौदावर अक्का, माझ्या सासूबाई. परातीत कणकेच्या गोळ्या. रोज दोन्ही वेळ चालू आहे म्हणे! मी ओरडलेच. त्या शांतपणे, "रूपाली मोकळी व्हस तवलोंग मासासले पीठ घालसू, असा नवस बोलेल शे मी. तू काय मन्हा नवस मोडशी?"
जिच्यासाठी मी मासे सोडले, तिच्यासाठीच या गोळ्या. राग आला आणि रडूही.
डॉ.ना परत फोन. माफी मागितली. हसत होते.

१९ सप्टें.
मुंग्यांना पीठ घाला म्हटलं. "मासासले बोलेल शे, मुंग्यासले नही." वकीलच व्हायच्या!
मग सुचलं. घास द्यायचाच तर माशांच्या आवडीचा द्या. लोकांच्या पिंपातल्या अळ्या गाळायच्या, हौदात सोडायच्या. अक्का माळकरी. "जीव मारीसन पुन्य?" संध्याकाळी स्वतःच पाण्याचा गडवा आणि जुनी चहाची गाळणी घेऊन शेजारच्या पिंपांकडे निघाल्या.

२६ सप्टें.
मला बघून लोक दार लोटतात, अक्कांना बसायला पाट. घरोघर पिंपात डोकावतात, "मन्हा मासा उपाशी शेतस" म्हणत. आज हौदात पाचदा मग बुडवला. एकही अळी नाही. सरपंचांना मुद्दाम बोलावून दाखवलं. नोकरी शाबूत.

२९ सप्टें.
दुपारी रूपालीला हुडहुडी. ताप १०२. डॉ. येऊन गेले, बाळाचे ठोके ठीक आहेत. बोटातून रक्त मीच घेतलं. हजारोंची बोटं टोचली, आज पहिल्यांदा दोनदा टोचावं लागलं. तपासणीची किट संपलीत, काचेवरचा नमुना गेलाय, कळेल उद्या. साधाही ताप असेल. पण सतरा तारखेला दिसल्या त्या अळ्या, त्याआधी न दिसलेल्या... डास व्हायला किती, चावून ताप यायला किती, दिवस सारखे मोजतेय. खूप भीती वाटतेय.
तिन्हीसांजेला अक्का हौदाकडे निघाल्या. गडवा घरीच. बोटांना कणीक लागलेली. माझ्याकडे बघून थबकल्या.
अडवलं नाही. एक गोळी मीही मागून घेतली.