तिसऱ्या अंकातलं रडू

७ नोव्हेंबर, गुरुवार. सांगली.
पुण्याला नाटक पाहायला जायचं नक्की. रविवारचा प्रयोग. नाटकाचं नाव इथे लिहीत नाही. ज्या नाटकाला तीन पिढ्या रडल्या, त्याचं नाव मराठी माणसाला सांगावं लागू नये. बँकेच्या नाट्यस्पर्धेत त्यातला बाप मी केला होता. उत्तेजनार्थ बक्षीस. परीक्षकाला नाटकातलं कळत नव्हतं, नाहीतर पहिलंच होतं.

गोष्ट साधी आहे. मुलगी मनाविरुद्ध लग्न करते, बाप तिला तोडून टाकतो. तिसऱ्या अंकात बाप आजारी, डोळे गेलेले. मुलगी मोलकरीण म्हणून घरात शिरते, त्याला भात भरवते, आणि तो तिलाच विचारतो की तुला बाप आहे का. इथे थिएटरभर हुंदके.

तिकिटं श्यामलाने स्वतः ऑनलाइन काढली. एरवी गॅस बुक करायलासुद्धा मला हाक मारते. बायकांना अभिनयातलं कळत नाही, पण रडायला आवडतं.

९ नोव्हेंबर, शनिवार. पुणे.
कोथरूडला सलिलकडे उतरलो. सलिल म्हणजे श्यामलाचा धाकटा भाऊ. संकल्प केला होता की त्याच्याशी वाद घालायचा नाही. चहा येईपर्यंत पाळला.

त्याने विचारलं, सलोनीला भेटणार का. सलोनी आमची एकुलती एक मुलगी. इथेच कर्वेनगरला असते. सहा वर्षांपूर्वी तिने इरफानशी रजिस्टर लग्न केलं. इरफान कॉलेजात शिकवतो, घराणं कसबा पेठेतलं, पिढ्यानपिढ्या पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, हे सगळं श्यामलाने मला ऐकवून झालंय. तरी मी अबोला धरला. तत्त्व म्हणून. त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. नाव श्यामलाने सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलं नाही. तेही तत्त्व म्हणूनच.

सलिलने विचारलं, हे तत्त्व सकाळी लवकर उठतं का, चहाबिहा करतं का. पुणेरी बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं. शिवाय सुचलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार. दुपार.
जेवताना श्यामलाने सांगितलं की तिकिटं चार काढली आहेत. सलोनी आणि इरफान आमच्या दोन रांगा मागे, मुलगी मांडीवर. म्हणजे कटच. मी भडकलो, ताटावरून उठणार होतो, पण मटार उसळ चांगली झाली होती.

मग शांतपणे विचार केला. बरंच आहे. बाप म्हणजे काय ते तिला आज स्टेजवर दिसेल. प्रयोग संपला की मी तिला माफ करणार. मन मोठं पाहिजे माणसाचं. श्यामलाला तसं सांगितलं. आत गेली आणि ठेवणीतली साडी नेसून आली. नाटकाला एवढं कशाला, म्हणून मी विचारलं.

दोन रुमाल घेतले आहेत.

११ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
प्रयोग अप्रतिम. सविस्तर लिहितो.

पहिले दोन अंक ठीक. मध्यंतराचा वडा गरम होता. तिसऱ्या अंकात मात्र बाप करणाऱ्या नटाने कमाल केली. आंधळ्या हाताने तो भाताचं ताट चाचपत होता. चाचपता चाचपता हात मुलीच्या मनगटाशी आला आणि तिथेच थांबला. यानंतर बापाचं मोठं वाक्य आहे. मी करायचो तेव्हा त्यावर टाळी यायची. या पठ्ठ्याने ते गाळलंच. नुसतं मनगट धरून बसला. मुलगी हलेना. थिएटरात पंखा ऐकू येत होता. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले इतका रडलो. दोन्ही रुमाल संपले. श्यामला नाटक सोडून माझ्याकडेच बघत बसली होती. तिने माझा हात धरला. कित्येक वर्षांनी धरला असेल.

पडदा पडला तेव्हा सलोनी पॅसेजमध्ये येऊन उभी होती. खांद्यावर झोपलेली मुलगी. इरफानच्या हातात मुलीच्या चपला. सलोनीचे डोळे लाल. पुढे आली. पण प्रयोग संपला की आत जाऊन नटाला भेटायचं ही आपल्याकडची रीत. मी तिला हातानेच थांब म्हणून खूण केली आणि रंगपटात गेलो.

आत ही रांग. नट मेकअप उतरवत होता. त्याला माझ्या प्रयोगाची माहिती दिली, गाळलेल्या वाक्याबद्दलही बोललो. त्याने दोनदा हात जोडले. इतका नम्र माणूस. फोटो काढला, पण त्यात त्याचे डोळे मिटलेले आहेत.

बाहेर आलो तर थिएटर रिकामं, झाडलोट सुरू झालेली. ही मंडळी तिथेच उभी. सलोनी म्हणाली, तुम्हाला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, नाटकच तसं आहे. मग तिने मुलगी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, घेता का?

घेणार होतो. पण तेवढ्यात दाराशी सांगलीचे एक ओळखीचे गृहस्थ दिसले. (ते नव्हते, असं नंतर लक्षात आलं.) मी म्हटलं, इथे नको. माफ केलंय असं समज. सांगलीला ये. आधी एकटी ये, बाकीच्यांचं मागाहून बघू.

सलोनीने मुलगी पुन्हा खांद्यावर घेतली.

"मग बाबा, रडत कशासाठी होतात?"

"नाटकासाठी," मी म्हटलं.

खरं तेच सांगितलं. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही.

इरफान नमस्कार करून म्हणाला की आपण घरी या. मी त्याला पार्किंग कुठे मिळालं ते विचारलं. अगदी संबंध तोडल्यासारखं वाटायला नको. श्यामला त्यांच्या गाडीत बसली. उद्या येते म्हणाली. मी रिक्षाने आलो.

एकंदरीत माफीचा कार्यक्रम छान पार पडला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.
श्यामला आली नाही. फोन उचलत नाही. चार्जर इथेच राहिला असणार.

सलिल म्हणाला, "भावोजी, प्रयोग उत्तम झाला म्हणे." तो स्वतः आला नव्हता, तरी कौतुक ऐकून बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार.
चार्जर इथे नाही. म्हणजे घेऊन गेली आहे.

रात्री झोप नीट लागली नाही. गादी कडक आहे. तो नट मनगट धरून बसलेला सारखा दिसत होता. विचार केला की आपण थोडं आणखी मोठं मन करावं. उद्या स्वतः कर्वेनगरला जायचं आणि सरसकट सगळ्यांना माफ करायचं. इरफानलासुद्धा. आंबा बर्फी आणली. श्यामलाच्या बीपीच्या गोळ्या तिच्या बॅगेत राहिल्यात, त्याही पिशवीत टाकल्या. मुलीचं नाव सलिलला विचारणार होतो, पण तो काहीतरी बोलला असता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी, सोसायटीच्या गेटवर.
इथे वॉचमनच्या मोबाइलमध्ये नाव टाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. वॉचमनचं नाव कचरू. त्याने विचारलं, कोण म्हणून टाकू. मी म्हटलं, बाप. बाप असा पर्याय त्यात नाही. त्याने गेस्ट टाकलं. वर फ्लॅटमध्ये विचारणा गेली आणि उत्तर आलं, नाकारलं.

रेंजचा प्रॉब्लेम. पुन्हा टाकायला लावलं. पुन्हा नाकारलं. कचरूने स्क्रीनच मला दाखवला. मी चष्मा आणला नाही असं सांगितलं.

मग मीच युक्ती काढली. म्हटलं, डिलिव्हरी म्हणून टाक. ते लगेच मंजूर झालं. खाली ओळ आली, गेटवर ठेवा.

कचरूने पिशवी फळीवर ठेवली आणि मला स्टूल दिलं. पार्सल न्यायला कोणीतरी उतरतंच म्हणतो. बसलो आहे. हवा छान आहे.

त्याच दिवशी, नंतर. कोथरूड.
श्यामला उतरली. एकटीच. पिशवीतून गोळ्या काढून घेतल्या. बरं झालं आणल्यात म्हणाली, पर्समधल्या आजच संपल्या होत्या. बर्फी कचरूला दिली. मी सांगितलं की सगळ्यांना माफ करायला आलोय, कोणालाही वगळलेलं नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग पर्समधून सांगलीच्या घराची तिच्याकडची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर सांगा," म्हणाली, आणि वर गेली.

अर्धा लिटर बरोबरच आहे. एक लिटर नेहमीच उरायचं. मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं.