नाव टाकायची विहीर

३ जून, सोमवार

पोचलो एकदाचा. बस वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मला वाटलं, झालं, नोकरी हातची गेली. पण इथल्या प्रमुख मॅडम ब्लँक्सन स्वतः फाटकाशी आल्या आणि माझी पिशवी त्यांनीच उचलली. तरुण बाई, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. टेकडीवर लांबट खोल्या, मागे आंबे, खाली समुद्र. मी इथला फाटकावरचा राखणदार, आणि माझी नात अराबा इथली विद्यार्थिनी. गावोगावची निवडलेली मुलं इथे आणून त्यांना पुढारी बनवतात. सभेत बोलायचं कसं, भांडण मिटवायचं कसं, असलं सगळं शिकवतात. अराबा हुशार आहे, पण अडखळते. मला हाक मारतानासुद्धा पहिल्याच अक्षरावर अडकते, ना-ना-नाना. वर्गात उभं राहायला घाबरते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या मान्साला, वाटतं की इथे पोर सुधारेल. मलाही वाटतं.

रोज लिहायचं हे वळण बायकोने लावलं. तुमच्या काळज्या माझ्या कानात नको, वहीत ओता, म्हणायची. आता ती नाही, काळज्या आहेत.

स्वयंपाकघर एकुआ मावशीकडे. मी फाटकाचं कुलूप पुन्हापुन्हा ओढून बघतोय हे पाहून म्हणाली, नाना, तुम्ही मेल्यावरसुद्धा पेटीचं झाकण नीट बसलंय का ते बघायला उठून बसाल. हसता हसता मला ठसका लागला.

५ जून, बुधवार

आंब्यांमागे एक कोरडी विहीर आहे. आज सगळ्या मुलांना तिथे नेलं. एकेकाने कठड्यावर वाकून आपलं जन्मवाराचं नाव आत ओरडायचं, आणि त्याच्यासोबत लाज, भीती, सगळं टाकून द्यायचं. मग मॅडम नवं नाव देतात. कुणी झेप, कुणी उमेद. अराबाला निर्धार दिलं.

मला हे रुचलं नाही. वाराचं नाव काही आईबाप शोधून ठेवत नाहीत. जीव ज्या वारी आला त्या वाराचं ते, जिवाचंच. मंगळवारची पोर ती अराबा, सोमवारचा मी तो कोजो. ते टाकायचं म्हणजे नेमकं काय टाकायचं? मॅडमना हळूच विचारलं. म्हणाल्या, अहो नाना, एवढं काय मनावर घेता, तुम्हीच या एकदा, तुमच्यात तर पोतंभर भीती आहे. पोरं हसली. मीही हसलो.

अराबा शेवटची होती. नाव तोंडातून निघता निघेना. निघालं तेव्हा विहिरीने ते परत दिलं नाही. एवढी खोल विहीर, पण आवाज घुमलाच नाही.

९ जून, रविवार

आज अराबा सभेत बोलली. एकदाही अडखळली नाही. माझे डोळे भरून आले. मान्साला फोन केला, तर ती आनंदाने किंचाळलीच.

नंतर मी हाक मारली, अराबा. वळली नाही. पुन्हा मारली, पुन्हा. शेवटी निर्धार म्हटलं तेव्हा लगेच वळली आणि म्हणाली, मी आपली काय मदत करू? मला, आपली! मक्याच्या पिठाचा गरम दोकोनो आणि माशाचं डोकं समोर ठेवलं. या डोक्यासाठी ती भावाशी भांडायची. पुठ्ठा चावावा तशी चावत बसली.

सगळीच मुलं आता एकसारखी हसतात. जेवढे दात एकाचे दिसतात तेवढेच दुसऱ्याचे.

१४ जून, शुक्रवार

दुपारी विहिरीपाशी पानं झाडत होतो. आतून हाक आली. ना-ना-नाना.

बॅटरी मारून बघितलं. तळ दिसतो. वाळलेली पानं, बाकी काही नाही. आणि त्याच वेळी वर्गातून अराबाचा आवाज येत होता, खणखणीत, न अडखळता.

एकुआला सांगितलं. आधी हसली. म्हणाली, ऊन लागलंय म्हाताऱ्याला. मग माझ्यासोबत येऊन तिने कान दिला. तशी ती कठड्यापासून मागे सरली. मी मॅडमना खडसावते, म्हणाली, आणि तरातरा निघून गेली.

१५ जून, शनिवार

एकुआने आपलं नाव विहिरीत टाकलं. मी तिच्यासमोर मुद्दाम कुलूप ओढून बघत राहिलो. ती नुसती हसली, त्या मुलांसारखी. मग म्हणाली, भीती ही एक सवय आहे. अराबाही हेच म्हणते. शब्दही तेच.

१८ जून, मंगळवार

मान्साला म्हटलं, पोरीला घेऊन जा. ती भडकली. जन्मभर तुमच्या भीतीने आमचे पाय बांधलेत, आता तिचे नको, म्हणाली. फोन ठेवला.

आज अराबाचा वार. बारशाला पोराला खरंखोटं ओळखता यावं म्हणून करतात, तेच आज पुन्हा केलं. तेव्हाही मीच केलं होतं. बोट पाण्यात बुडवून तिच्या जिभेवर ठेवलं. पाणी असेल तर पाणी म्हण. ती म्हणाली, दारू. मग ताडाची कडक दारू ठेवली. दारू असेल तर दारू म्हण. डोळेही न मिचकावता म्हणाली, पाणी.

मग विहिरीवर गेलो. पाण्यात भिजवलेली चिंधी दोरीने खाली सोडली.

पा-पा-पाणी.

दारूची सोडली. दा-दा-दारू. नाना, कडू आहे रे. इथे अंधार आहे. घरी कधी जायचं?

१९ जून, बुधवार

बादली सोडली. तिला आत बस म्हटलं. वर ओढली, रिकामी. पुन्हा सोडली. रिकामी. ती खालून म्हणते, मी बसले होते रे नाना —

वरच्या तिला हाताला धरून विहिरीकडे ओढत नेलं. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. राग नाही, काही नाही. हसत.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही थकलात, उद्या घरी जा. आणि विहीर उद्याच सिमेंटने बुजवायची. तिच्यावर मंच बांधणार, समारंभाचा. मी पाया पडलो. त्यांनी मला उठवून उभं केलं, खांदा थोपटला —

२० जून

बादलीत ती कशी येणार. तिचं अंग वर आहे. खाली फक्त नावच जातं.

तर माझंही जाईल, कोजो हे नाव.

वर जो राहील तो म्हातारा कशालाच घाबरणार नाही. मान्सा, तुला तो आवडेल.

सिमेंटची गाडी आली. फाटक मी उघडलं नाही. ते तोडतायत. वही कठड्यावर —

भीती वाटते. वाटू दे. जो घाबरतो तोच तिला ओळखतो, तोच —

ती विचारते, तू येतोस ना? इतकी रडते की एकही शब्द धड —

आलो, अराबा. भीती टाकायला नाही, ती सोबत घेऊनच मी को-