वर्दी बाटत नाही

मंगळवार, १४ जानेवारी

दुपारी सगळे वाडगे भरलेले परत आले. कोबीचं सूप, वर गोठलेली चरबी. नव्या इमारतीतला पहिला दिवस, आणि हे!

बराकीतून सामान हलवताना बुरुलबाईंनी भोकाचे वाडगे भंगारात टाकायला लावले. तुरुंगाधिकारी त्या, इमारतही त्यांनीच भांडून बांधून घेतली. "इथे सगळ्यांना एकसारखी भांडी," म्हणाल्या. मीच पोत्यात भरले, खूश होऊन. काठाला भोक म्हणजे 'खालच्यां'चा वाडगा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्या भांड्यात खाल्लं की माणूस बाटला, आणि बाटला तो कायमचा.

सकाळची लापशी सगळे जेवले, खालचे पाचजण वेगळ्या टेबलावर. मग सगळी भांडी एकाच टाकीत धुतली गेली. भोक नाही, खूण नाही. ते पाच वाडगे कुठले, कसं ओळखायचं? आता एकही वाडगा कोणी धरत नाही.

मला कसं सुचलं नाही? पहारेकऱ्यांत जेवणाचं वाटप माझ्याकडे आहे.

बुधवार, १५

आजही नाही. पाणीसुद्धा नळाखाली ओंजळ धरून पितात. जेवले ते फक्त पाचजण. त्यांचं काय बाटायचं राहिलंय?

बाईंनी ओमुरला बोलावलं. पिकल्या मिशांचा, बाकीचे कैदी त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. नवी खोली कशी वाटली, विचारलं. चांगली आहे म्हणाला. चौघांत एक, संडासाला दार, खिडकीतून डोंगर दिसतो — इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसला. मग म्हणाला, "पण बाई, डोंगर बघून माणूस शुद्ध होत नाही."

सापारबाइके (हवालदार, पण आमच्या गल्लीतले, म्हणून मी बाइके, म्हणजे थोरले भाऊ, म्हणतो) यांचं म्हणणं, कुठल्याही पाच वाडग्यांना भोकं पाडा, तेच खालच्यांचे म्हणा, मिटलं. बाई ऐकत नाहीत. भोकंच पाडायची तर ही इमारत कशाला बांधली, म्हणतात.

दोघांचंही पटतं. हीच माझी अडचण आहे.

गुरुवार, १६

मुख्यालयातून फोन. सोमवारपर्यंत कैदी जेवले नाहीत तर इमारतीला कुलूप. सगळे परत बराकीत.

कुबात त्या पाचांतला. बस चालवायचा. कैद्यांच्या गाडीतून इथे आणताना थंडीनं काकडत होता, शेजाऱ्यानं चहा पुढे केला, यानं घेतला. तो कप कसला, हे उतरल्यावर कळलं. त्या एका घोटापायी बराकीत संडासाच्या दाराशी झोपायचा. मार खायचा. मनगटावर दोन व्रण आहेत, ते मारानं झालेले नाहीत.

आज त्याला सूप वाढत होतो. हळूच म्हणाला, "साहेब, परत पाठवणार असाल तर आधी सांगा."

कशाला, विचारलं.

"म्हणजे तिथवर जायची वेळ येणार नाही."

हवापाण्याचं बोलावं तसं बोलला.

शुक्रवार, १७

सापारबाइकेंचं ड्रिल मागून आणलं. वाडगा फडक्यावर उपडा ठेवला. टोक काठावर टेकवलं. पाडलं तर कुबात वाचतो — आणि पुन्हा भोकाच्या वाडग्यात जेवतो. नाही पाडलं तर...

परत नेऊन दिलं. "भित्रा आहेस," बाइके म्हणाले.

खरं आहे.

शनिवार, १८

रांगेत एकजण कोसळला. कपाळ फुटलं.

मग मला काय झालं, नीटसं सांगता येत नाही. कुबात जेवत होता. त्याच्या पुढ्यातला उष्टा वाडगा उचलला आणि सगळ्यांसमोर उरलेलं सूप पिऊन टाकलं. वाटलं होतं, एक माणूस तरी प्यायला हे त्यांना दिसेल.

मग ओमुर हसला. "वर्दी बाटत नाही रे पोरा. बाटायला आधी माणूस असावं लागतं."

सगळे हसले! चार दिवसांचे उपाशी लोक, पोट धरून. माझे कान अजून तापलेत.

रविवार, १९

सकाळी दाढी करताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हात थांबला. वर्दी बाटत नाही. म्हणजे वर्दीच्या हाताला विटाळ चिकटत नाही. मग तो हात पुढे तरी कसा नेईल?

तसाच ओमुरकडे गेलो. अर्धी दाढी राहिलेली. विचारलं, भांडी वर्दीनं धुतली तर?

माळेचे मणी सरकवायचा थांबला. "तू? स्वतःच्या हातानं?"

"सगळी. दर जेवणाला."

त्यानं एक मणी सरकवला. मग म्हणाला, "मग पावसानं धुतल्यासारखं. पावसाला कोण विचारतो, आधी कुणाच्या छपरावर पडलास?"

सगळी धुतली. संध्याकाळी जेवले. सगळे! मी टाकीपाशीच उभा राहिलो. तिथे वाफ असते, चेहरा ओला दिसला तरी कोणी विचारत नाही.

गुरुवार, २३

पहारेकरी मला मोलकरीण म्हणतात. सापारबाइकेंनी हात मिळवणं सोडलं. म्हणाले, कैद्यांची खरकटी काढणारा हात मी धरत नाही. घरी वडिलांच्या कानावर बाजारातून गेलंय. आता ते माझ्याआधीच जेवून घेतात.

सोड्यानं बोटं चिरलीत. पेन धरवत नाही, अक्षर बिघडतंय.

खालच्यांचं टेबल अजून वेगळंच आहे. पण कुबात जेवायच्या आधी वाडग्याच्या काठावरून बोट फिरवतो. पूर्ण गोल.

सोमवार, २७

हुकूम आला. वर्दीतल्या माणसानं कैद्यांची कामं करायची नाहीत, खात्याची शोभा जाते. उद्यापासून मी भिंतीवरच्या मनोऱ्यात. बाई फोनवर इतक्या मोठ्यानं बोलल्या की बाहेर ऐकू आलं. उपयोग नाही. मी अर्ज लिहिला. एकही चूक नको म्हणून पुन्हापुन्हा उतरवून काढला. न वाचताच परत आला.

एकेका पहारेकऱ्यापाशी जाऊन विनवलं, तुम्ही धुवा, सणाच्या दिवशी तुमचा पहारा मी करीन. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. बाइकेंना विचारायचं धाडसच झालं नाही.

कुबातनं विचारलं, उद्यापासून कोण? मी रिकामा वाडगा घ्यायला हात पुढे केला. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी परत दिला. पाहुणा निघताना देतो तसा.

मंगळवार, २८

मनोऱ्यावरून स्वयंपाकघराची नवी खिडकी दिसते. सकाळभर तिकडे बघायचं टाळलं. जेवणं झाल्यावर बघितलं. टाकीपाशी वाफेत कोणीतरी पाठमोरं, बाह्या कोपरापर्यंत वर. वर्दी. आणि वर टक्कल — सापारबाइकेंचं.