तिसरा चौकोन

सोमवार, ३ नोव्हेंबर

पद्मनाभनं माझं काम परत पाठवलं! आमच्या ब्राउझरमध्ये पान सरकवून बोट उचललं की जवळचा चौकोन आपोआप कडेला येऊन बसतो – स्नॅपिंग. पण वर एखादा फोटो उशिरा उतरला की पान उडी मारतं, वाचणारा भलत्याच चौकोनावर. ही खोड मी काढली आहे. याचा शेरा – "दोन चौकोन एका रेषेत असतील तर कुठला धरणार?" वर गोकुळ रोडच्या ऑफिसात सगळ्यांसमोर, "आगल्ल." होणार नाही म्हणे – म्हैसूरकडचं कन्नड! आमच्या धारवाडात "आगंगिल्ल" म्हणतात. याचा नकारसुद्धा आखूड.

शुक्रवारपर्यंत मंजुरी मिळाली नाही तर स्क्रोलचं सगळं काम त्याच्याकडे जाणार. साहेबांनी सांगून टाकलंय. इतकी वर्षं मी सांभाळलेलं काम! आणि मंजुरी देणारा कोण – तोच. दुसरं कुणी नाही म्हणे.

मंगळवार, ४

चाचणीच्या पानावर चौकोनांत काहीतरी मजकूर लागतो. काल पाठवतानाच तिसऱ्या चौकोनात – पान थांबायला हवं तोच – मी मराठीत लिहिलं होतं, "पद्मनाभ मुर्ख आहे." त्याला काय कळतंय! आज रेषेची भानगड मिटवली आणि "महामुर्ख" करून पाठवलं. जरा बरं वाटलं.

बुधवार, ५

पुन्हा नकार. "धरलेला चौकोनच पानावरून काढून टाकला तर?" करून पाहिलं. ब्राउझर बंद पडला. लेकाचा बरोबर निघाला – त्याचाच जास्त संताप! महामुर्खाच्या आधी "कुजका" जोडला.

गुरुवार, ६

जेवताना पद्मनाभ समोर येऊन बसला. शेंगाचटणीचा डबा पुढे केला, "तगोळ्ळी." मी ताट उचलून दुसरीकडे गेलो.

शेजारच्या टेबलावरची स्वाती माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अण्णा, नाव तरी काढा! कुणी वाचलं तर?"

"कोण वाचणार? तो?"

"तुमचं डोकं फिरलंय."

फिरलंयच. पण शेवटच्या खेपेला काढीन.

शुक्रवार, ७

दिवसभर खपलो. धरलेला चौकोन काढला तर पान आता मुकाट शेजारच्यावर बसतं. आणि वर कितीही फोटो ओतले तरी तिसरा चौकोन जागचा हलत नाही! मुदत संपता संपता पाठवलं. मळमड्डीला घरी येऊन चप्पल काढतोय तोच स्वातीचा फोन – "अण्णा, तो मजकूर काढलात ना?"

नाही.

शनिवार, ८

मंजूर – कालच्याच तारखेनं! काम माझ्याकडेच राहिलं. खाली पद्मनाभचा शेरा, मराठीत –

"तिसरा चौकोन बरोबर थांबतो. 'मूर्ख'मधला मू मात्र दीर्घ हवा. सोमवारपासून खटकत होतं. माझी आई मिरजेची."