मागच्या भिंतीची ओल

आई, छिन्नी तिरकी धरून हातोडा मारला की सिमेंटचा भाकरीएवढा पापुद्रा सुटतो, आणि मागची माती ओली निघते. इतक्या वर्षांनीही ओली. सकाळपासून तुझ्या घराची मागची भिंत सोलतो आहे. हात भरून आले म्हणून उंबऱ्यावर बसून लिहितो आहे.

हे सिमेंट मीच लावलं होतं. लढाई संपली, पलटणीत पूल बांधायला शिकून मी रजेवर पाटणला आलो. दर पावसाळ्यानंतर तू एकटी भिंती लिंपतेस, सारवतेस, हे बघवत नव्हतं. सिमेंट मिळणं मुश्किल होतं, तरी दोन पोती मिळवली आणि भिंतीला आतून-बाहेरून गिलावा करून टाकला. तू तळहात फिरवलास. "माशी घसरंल रं हिच्यावरनं," म्हणालीस, आणि शेजारणींना बोलावून दाखवलीस.

पुढच्या रजेला आलो तर ओल गुडघ्याच्या वर चढलेली. बियाण्याच्या भाताला बुरशी, तुझं अंथरूण दमट. पाण्याचा रांजण त्याच भिंतीला टेकून होता. मी तुझ्यावर ओरडलो. "इथं पाणी सांडतेस, मग भिंत कशी टिकेल?" रांजण तुझ्या सासूच्या काळापासून तिथंच होता. तू एवढंच म्हणालीस, "व्हय, सांडतं खरं. हात कापत्यात आताशा." त्याच दुपारी आपण दोघांनी तो अंगणात नेला.

रजेच्या शेवटच्या दिवशी, तू ओढ्यावर गेली असताना, मी एका म्हाताऱ्या गवंड्याला भिंत दाखवली. त्यानं बोटानं टकटक केली. "मातीच्या भितीला सिमिट? आरं गड्या, पाणी जोत्यातनं वर चढतंय, त्येला भाईर पडाया वाटच ठिवली न्हाईस तू. रांजणाचा काय गुना?"

"आईला यातलं काही सांगू नका," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू? तूच सांग."

संध्याकाळी सांगायला म्हणून चुलीपाशी बसलो. तू नाचणीची भाकरी थापत होतीस. "पलटणीत सायब तुला इचारून काम करत्यात व्हय रं?" तू विचारलंस. करतात, म्हणालो. पुढचं बोललोच नाही. तू गेलीस तोवर रांजण अंगणातच राहिला. थंडीत, धुक्यात, तांब्याभर पाण्यासाठी तू बाहेर जायचीस. दर रजेला मी ते पाहिलं आणि पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतं आहे. तू वाचणार असतीस तर आजही लिहिलं नसतं.

चुलीपाशी बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला पोचवायला मोटारीच्या थांब्यावर आलीस. तिथल्या एका बाईला सांगत होतीस, "लेकानं भित झ्याक केलीया. ओल आली ती माज्यामुळं." मी जवळच उभा होतो. मोटार आली. ट्रंक टपावर चढवली आणि मी आत जाऊन बसलो.