सगळ्याच राण्यांची नाकं बसलेली

तळेगाव दाभाडे,
आश्विन वद्य पंचमी, १९५८

तीर्थस्वरूप आक्काबाईस,

धाकट्या लक्ष्मणाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पाऊस सरला, आता तरी तुझे गुडघे तुझं ऐकतात का? इकडे आम्ही दोघं बरे. माझे उरलेले दात एकमेकांना धरून आहेत, आणि तुझ्या भावजयीचा खोकला गेला (आवाज मात्र पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत आला).

आता मुद्दा. तुला सगळं ठाऊक आहे, पण पुन्हा उगाळल्याशिवाय माझी लेखणी पुढं सरकत नाही. आपली भाऊबीज म्हणजे एकच राणीछाप पैसा. तुझं लग्न झाल्यावर बैलगाडीतून चाकणला आलो तेव्हा तो तबकात टाकला, आणि निघताना तूच तो फराळाच्या पुडीत चिवड्याखाली दडवून परत दिलास, कारण भावाजवळ दुसरा नाही हे तुला माहीत होतं. पुढं मला शाळेत नोकरी लागली, पेन्शन बसली, तरी तोच पैसा दरसाल तबकात, आणि तबकातून चिवड्यात. राणीचं नाक बसलेलं, कारण लहानपणी ती ओरडते का हे पाहायला तू तिला वरवंट्याखाली घातली होतीस.

गेल्या वर्षी नवे पैसे आले. जुनी मोड सर्वांच्या आधी बदलून घ्यायची म्हणून तुझ्या भावजयीने डबे धुंडाळले, खुंट्यांवरचे खिसे धुंडाळले, आणि शेवटी माझ्या चष्म्याच्या घरातून राणी उचलून बँकेत घालून आली. (चष्मा ठेवला, हे उपकार.) भाऊबीजेला मी तबकात कोरा करकरीत नया पैसा टाकला. निरांजन जरा जास्त वेळ माझ्या तोंडापुढं धरलंस. घरी येऊन फराळाची पुडी मी उघडलीसुद्धा नाही, तशीच हिच्या हाती दिली.

तेव्हापासून राणीच्या शोधात आहे. बँकेत जुने पैसे कागदात नळकांड्यासारखे गुंडाळून ठेवतात. रुपया देऊन एक आणायचं, चटईवर फोडायचं, राजाछापांतून एखादी राणी निघते का चाळायचं, पुन्हा गुंडाळून परत करायचं आणि दुसरं मागायचं. नळकांडं फुटताना मला तिसरीच्या वर्गाने एका चालीत म्हटलेली कविता ऐकू येते. (एखादा पैसा सगळ्यांच्या मागून रेंगाळत लोळतो, तो मागच्या बाकावरचा.) ते ऐकता ऐकता मी शोधायचंच विसरतो आणि तेच नळकांडं पुन्हा फोडतो. कॅशियर यशवंतराव माझाच विद्यार्थी. शेवटी त्याने हळूच विचारलं, “मास्तर, पैसे कमी भरतात का?” म्हटलं, “नाही रे, राजे जास्त भरतात.” त्या दिवसापासून तो माझ्याशी फार हळुवार बोलतो.

बातमी बाजारात गेली. छबूबाई भाजीवाली म्हणाली, “मास्तर, त्या राणीत सोनं हाय म्हणं? माज्याकडं हाय एक, पर मेथीच्या भावात न्हाई द्यायची.” मी घासाघीस न करता घेतली, आणि सोन्याची खात्री पटून साऱ्या बाजाराने राण्या कनवटीला लावल्या.

तरी ओंजळभर जमल्या. पण आक्का, तिथंच घात झाला. इतकी वर्षं हातोहात फिरून सगळ्याच राण्यांची नाकं बसली आहेत! ज्या खुणेवर मी विसंबलो ती साऱ्या राज्याला लागू निघाली. रोज संध्याकाळी एकेकीवरून अंगठा फिरवतो. कोणीच ओळख देत नाही. मुलांकडून जन्मभर कविता पाठ करून घेतल्या, आणि जो एक चेहरा डोळे मिटून ओळखायचा, तोच नेमका विसरलो.

म्हणून यंदा भाऊबीजेला माझी वाट पाहू नकोस. भलतीच राणी तबकात टाकून तुला फसवणं माझ्याने होणार नाही, आणि पुन्हा नया पैसा टाकून तुझं ते लांबलेलं निरांजनही सोसवणार नाही. भाचरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
लक्ष्मण

ता. क. ‘राणी नको, तू ये’ एवढी एक ओळ उलट टपाली पाठव. तेवढ्यासाठीच मी हे सगळं लिहिलं, असं तुझी भावजय म्हणते. तिचं खरं आहे.

पुन्हा ता. क. ओळ पाठवू नकोस. पत्र हिला आता सबंध वाचून दाखवत होतो. फराळाच्या पुडीशी आलो तशी ही म्हणाली, “अहो, त्या चिवड्यात नया पैसा होता की! वन्संच्या हातून चुकून पडला असेल म्हणून मी देवापुढं ठेवला.” वर्षभर तो देवांबरोबर चिंच लावून घासला जातोय, आणि मी त्याच्यासमोर रोज हात जोडून राणी मागत होतो. तू परत दिला होतास, आक्का, नेहमीच्याच जागी.

येतो. त्या नया पैशावरच्या तिन्ही सिंहांची नाकं अजून शाबूत आहेत. वरवंटा काढून ठेव.